ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) कुरिअरने दुरुस्तीला पाठवू का? (नागपूर, डिझेल हॅचबॅक, दुपारी बंद पडते)

मनीषनगरकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, सव्वा लाख किमीच्या वर पळालेली, आतापर्यंत तेलपाणी सोडून खर्च नाही. मे लागला आणि दुपारी चालता चालता बंद पडून राहिली. झटका नाही, धूर नाही, सरळ बंद. परवा वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर बंद पडली, मागून हॉर्नवर हॉर्न, शेवटी एका ऑटोवाल्या दादानं टोचन करून खाली आणून दिली. अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवली की एका सेल्फात सुरू, जसं काही झालंच नाही.

गॅरेजवाल्यानं स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावला, एकदा कनेक्ट झाला, एकदा झालाच नाही, आणि तेवढ्यावर निकाल दिला की ईसीएम गेला. नवा टाकला तर कोडिंगसकट पन्नास हजाराच्या घरात. दुसरा ओळखीचा म्हणते की दिल्लीला कुरिअर कर, आठ-दहा हजारात रिपेअर होऊन वापस येते. आता दिल्लीत टेबलावर कोण बसलाय माहीत नाही, आणि तोवर गाडी पार्किंगमध्ये मुकाट उभी. कोणी पाठवलाय का असा? पैसे बुडतात का?

पुणेरीगियर:
भंगारातला घ्या. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात याच गाडीचे ईसीएम ढिगाने मिळतात, तीन-चार हजारात काम होईल. कशाला दुरुस्ती वगैरे.

वाडीनाका:
पुणेकर, भंगारातला लावून गाडी सुरू कशी होईल ते पण सांगा ना. इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीविरोधी लॉक) ओळखणार नाही, किल्लीचा दिवा टिमटिम करत बसेल.

मनीषनगरकर भाऊ, आधी एक सांगा. गाडी बंद पडल्यावर चावी फिरवली तर चेक लाईट (डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा) लागते का? आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसते का?

मनीषनगरकर:
चेक लाईटकडे लक्षच गेलं नाही भाऊ, मी घाम पुसून राहिलो होतो. आज दुपारी मुद्दाम फिरवतो.

सोल्डरमास्तर:
वाडीनाका यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. माझं काम हिंगणा एमआयडीसीतल्या मशीनच्या कार्डांचं, पण ओळखीतले लोक गाडीचे ईसीएम घेऊन येतात त्यामुळे पुष्कळ उघडून झालेत. त्यातले बरेच ईसीएम चांगले असतात. म्हणजे बिचारा निर्दोष, आणि मालक दिल्लीला पाठवायच्या तयारीत.

गरम झालं की बंद आणि थंड झालं की सुरू, हे लक्षण क्रँक सेन्सरचंही (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा सेन्सर) शंभर टक्के असंच असतं. आतली कॉइल तापली की सिग्नल जातो, ईसीएमला वाटतं इंजिन फिरतच नाहीये, तो इंजेक्टर (डिझेल फवारणारे) बंद करतो. फरक ओळखायला सोपा आहे. गाडी बंद पडली त्याच क्षणी, थंड व्हायच्या आत बघायचं:

चेक लाईट लागते, स्कॅनर बोलतो, पण सेल्फ मारताना आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर बघा. पी ०३३५ (क्रँक सेन्सरचा बिघाड कोड) आला तर उत्तमच, पण नाही आला म्हणून सेन्सर सुटला असं नाही.

चेक लाईटच लागत नाही आणि स्कॅनरही बोलत नाही (यू ०१०० म्हणजे इतर मॉड्यूल सांगतात की ईसीएम उत्तर देत नाही), तर बहुतेकदा दोन गोष्टी. एकतर ईसीएमला करंट पोचत नाहीये, नाहीतर तो स्वतः झोपलाय. यातली पहिली आधी तपासायची, कारण मेन रिले (ईसीएमला करंट जोडणारा स्विच) काही शेकड्यात येतो.

पुणेरीगियर:
मान्य, इमोबिलायझरचं विसरा म्हणत नाही मी. पण डेटा कॉपी करून देतात की. जुन्याची मेमरी नव्यात. पुण्यात करणारे आहेत.

सोल्डरमास्तर:
होतं ना. इमोबिलायझरचा कोड, चॅसिस नंबर, मॅप (डिझेल कधी-किती सोडायचं त्याचा तक्ता), सगळं फ्लॅश आणि ईईप्रॉम या मेमरी चिपांमध्ये असतं, ते वाचून तसंच्या तसं दुसऱ्यात उतरवलं की झालं क्लोन. पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच पाहिजे आणि जुन्याची मेमरी वाचता आली पाहिजे. डिझेलला आणखी एक भानगड, प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोड छापलेला असतो तो ईसीएममध्ये भरलेला असतो. तो न भरता दुसरा ईसीएम लावला तर गाडी चालू होईल पण खडखड करेल, धूर मारेल, आणि मग लोक चांगले इंजेक्टर काढून डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्तीवाल्याकडे पळतात. म्हणून असलेलाच दुरुस्त होत असेल तर तोच बरा, त्यात सगळं जागच्या जागी असतं.

संत्राबर्फी:
माझा अनुभव सांगते. आम्ही अंबाझरी ले-आऊटला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात. अख्ख्या गल्लीतल्या गाड्या तशाच. विमा होता, आतलं सगळं धुऊन वाळवून दिलं, गाडी सुरूही झाली, आम्ही खुश. दिवाळीनंतर एकेक नाटक सुरू झालं, कधी पंखा आपोआप फुल स्पीडला, कधी पिकअपच नाही. ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढला तर पिनांवर हिरवं हिरवं साचलेलं, तांब्याच्या भांड्यावर येतं तसं. आणि गंमत म्हणजे आमच्या गाडीत ईसीएम पाण्याच्या पातळीच्या वर आहे! मेकॅनिक म्हणाला वायरीच्या आतून पाणी चढतं, कपलर वर असला म्हणून काय.

आमचा मुंबईला पाठवला होता, लॅमिंग्टन रोडजवळच्या एकाकडे. चांगला झाला. पण वायरिंगचा तेवढा तुकडा इथेच बदलावा लागला, नाहीतर तीच हिरवळ परत आली असती.

मनीषनगरकर:
आज फिरवून आलो. दुपारी दोनला निघालो, मिहानकडून वापस येताना बंद पडली (बरं झालं म्हणू की वाईट झालं). चेक लाईट नाही. स्कॅनर सोबत घेतला होता एका पोराचा, ईसीएमशी बोलतच नाही, एअरबॅग आणि एबीएसशी बोलते आणि त्यांच्यात यू ०१०० आहे. म्हणजे ईसीएमच ना?

सोल्डरमास्तर:
थांबा. अजून नाही. करंट बघितला का?

ईसीएमच्या कपलरवर मेन रिलेतून येणारी वायर आणि बॅटरीची थेट वायर शोधा, सर्किट नसेल तर त्याच गाडीचं काम केलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला धरा. नुसता मल्टिमीटर लावू नका. मल्टिमीटर एकाच तारेच्या तंतूवरसुद्धा बारा व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, एक वायर त्या पिनवर, दुसरी ईसीएमच्याच अर्थच्या पिनवर, बॉडीवर नाही. बल्ब भक्कन लागला पाहिजे. मिणमिणला तर रिले, फ्यूजबॉक्स किंवा अर्थिंग यातलं काहीतरी सडलंय. आणि हे गाडी बंद पडलेली असतानाच करायचं, सकाळी सहाला थंडगार गाडीवर सगळं चांगलंच दिसेल.

बल्ब ठीक लागला तर सेन्सरचे पाच व्होल्ट बघा. ईसीएम स्वतः पाच व्होल्ट तयार करून प्रेशर सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल वगैरेंना देतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली बसतात. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, एखादा काढल्यावर पाच व्होल्ट वापस आले तर चोर तो. इंजेक्टरच्या कपलरला मात्र चालू इंजिनमध्ये हात लावू नका, कॉमन रेल डिझेलमध्ये तिथे बाराच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं.

वाडीनाका:
बल्बवाली गोष्ट एक नंबर. आमच्या गाड्यांवर आम्ही हेच करतो. आणि उंदीर पाहून घ्या भाऊ, पावसाळ्याच्या आधी बॉनेटमध्ये घर करून राहतात. माझ्या एका पिकअपचा ईसीएम गेला म्हणून कंपनीचा माणूस बोलावला होता, हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) टेप सोडली तर आत तीन वायरी कुरतडलेल्या.

आणखी एक. मागच्या वर्षभरात सायलेन्सरला किंवा चॅसिसला वेल्डिंग मारलं होतं का? बॅटरीची वायर न काढता मारलं तर ईसीएमचे हाल होतात. किंवा जम्प स्टार्ट उलटा लावला?

मनीषनगरकर:
वेल्डिंग नाही, जम्प नाही. उंदीर असतील, पण आमच्या सोसायटीत मांजरीच इतक्या आहेत की बाप्पा.

बल्ब लावला. बंद पडलेल्या अवस्थेत दोन्ही वायरींवर भक्कन लागला, अर्थ पण चांगली. पाच व्होल्ट मात्र नाहीतच, सगळे सेन्सर काढले तरी नाहीत. आणि मग इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात काय आलं, त्यानं ईसीएमवर ओला कपडा ठेवला, दहाएक मिनिटात पाच व्होल्ट आले आणि चेक लाईट पण लागली. मग घरून बायकोचा हेअर ड्रायर मागवला, कपडा काढून हवा मारली, परत गायब. मजा आली पण आता नक्की झालं, ईसीएमच आहे.

सोल्डरमास्तर:
वा! याला म्हणतात तपास. आता पाठवा बिनधास्त. तुमच्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजा माझ्याकडून.

तुमच्या केसमध्ये बहुतेक पॉवर सप्लायच्या भागातला सोल्डर जॉइंट तडकला असेल. लोकांना वाटतं नागपूरच्या उन्हानं ईसीएम जळतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ झालं होतं तरी गाड्या चाललेल्याच, यातल्या बहुतेक चिपा १२५ अंशापर्यंत चालतील अशाच बनवतात. मारते ती तापणं-थंड होणं याची रोजची ये-जा, बोर्ड आणि चिप कमीजास्त फुगतात आणि मधला जॉइंट थकतो.

पाठवण्याआधी दिल्लीवाल्याला फोनवर एवढंच विचारा की या मॉडेलच्या ईसीएममध्ये आत साधा हिरवा बोर्ड आहे की सिरॅमिकची पाटी आणि वर जेली. काही ईसीएममध्ये सिरॅमिकवर केसापेक्षा बारीक ॲल्युमिनियमच्या तारा असतात आणि वर पारदर्शक सिलिकॉन जेल. ती तार साध्या सोल्डरिंगनं जोडता येत नाही, बाँडिंग मशीन लागतं. जो म्हणतो "होऊन जाईल साहेब, इस्त्री फिरवतो" तो तुमचा बोर्ड मारणार.

पुणेरीगियर:
एक शंका. ओव्हनमध्ये बोर्ड गरम करून सोल्डर वितळवतात तसं व्हिडिओत बघितलं होतं. घरी होणार नाही का?

सोल्डरमास्तर:
लॅपटॉपचा करा, मेला तर मेला. यात मेमरी आहे, प्लास्टिकचा कपलर आहे. नको.

वकीलीणबाई:
इतका वेळ नुसतं वाचत होते, आता माझ्या कामाचं आलं म्हणून लिहिते. माझ्याकडे अशी भांडणं येतात आणि दरवेळी कागद नसतो म्हणून अडतं.

कुरिअर करण्याआधी ईसीएमच्या चारी बाजूंचे फोटो काढा, स्टिकरवरचे सगळे नंबर वाचता येतील असे. झाकणाच्या सांध्यावर पेंटची किंवा नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, दोन्ही बाजूंना जाईल अशी, आणि तिचाही फोटो. बॉक्स बंद करतानाचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये. आत एक चिठ्ठी टाका: तुमचं नाव-पत्ता, गाडीचं मॉडेल आणि साल, बिघाड काय, आणि "अंदाजपत्रक सांगून होकार मिळाल्याशिवाय काम करू नये". तीच चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पण पाठवा म्हणजे तारीख-वेळ पडते. दर सांगताना "दुरुस्त झालं नाही तर किती घेणार" हे लेखी घ्या, आणि वॉरंटी म्हणजे वापस पाठवायचा खर्च कोणाचा तेही.

भांडायची वेळ आलीच तर दिल्लीला जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नागपुरातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. हे त्याला गोड शब्दात आधीच कळवून ठेवलं तरी चालतं 😊

वाडीनाका:
ताई नेलपॉलिशची आयडिया भारी. बोर्ड बदलून मेलेला वापस पाठवतात काही हरामखोर, आपल्याला काय कळतं.

कुरिअरचं माझ्याकडून: पावतीवर मागे बारीक अक्षरात "ओनर्स रिस्क" असतं, त्यामुळे किंमत जाहीर करून विमा करा. स्पीड पोस्टनं पण विमा होतो, जीपीओच्या काउंटरवर नीट सांगून करा. किंमत उगाच फुगवू नका, ५० हजाराच्या वर आकडा गेला की परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिलाचं विचारतात. "वापरलेला पार्ट, दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही" असं साध्या कागदावर लिहून सही करून बॉक्सवर चिकटवा.

सोल्डरमास्तर:
आणि काढताना घाई नको. चावी बंद केल्यावरसुद्धा मेन रिले थोडा वेळ चालूच असतो, ईसीएम आपली नोंद लिहून मग झोपतो. पाच-दहा मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह, मग ईसीएमचे कपलर. कपलरचा लिव्हर उचलला की आपोआप बाहेर येतो, पेचकस घालून उपसू नका. पिनांना बोट लावायचं नाही. मोकळ्या कपलरवर पॉलिथिन बांधून तोंड खाली करून ठेवा, नाहीतर पाल शिरेल, हसू नका, झालंय.

पॅकिंगला कॉम्प्युटरच्या दुकानात मदरबोर्डची चंदेरी पिशवी मिळते ती घ्या, मग बबल रॅप, मग कडक पुठ्ठ्याचा बॉक्स. थर्माकोल थेट लावू नका, स्टॅटिक होतं. किल्ली पाठवू नका, तोच ईसीएम दुरुस्त होऊन येणार असेल तर लागत नाही. कोणी मागितलीच तर कशाला ते विचारा.

मनीषनगरकर:
सगळ्यांचे भल्ले आभार. दिल्लीच्या माणसाशी बोललो. साधा बोर्ड आहे म्हणाला, ठीक वाटला. पण म्हणते "भैया, ईजीआर बंद कर दूँ? मॅप भी बढ़ा देता हूँ, फ्री में." ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा. करून घेऊ का? पिकअप वाढते म्हणते.

वकीलीणबाई:
नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, आणि वाहनमालकाला दंडाची तरतूद वेगळी. अपघाताच्या क्लेममध्ये विमावाले असलं काहीतरी शोधतच असतात.

सोल्डरमास्तर:
कायदा सोडा, दुरुस्तीच्या बाजूनं पण नको. उद्या गाडी अडली तर बिघाड जुना की मॅपचा हे कोणाला कळणार? त्याला लिहून द्या की मेमरीला हात लावायचा नाही, फक्त वाचून बॅकअप काढून ठेव. आणि तो बॅकअप तुम्ही पेनड्राईव्हवर किंवा मेलवर मागून घ्या. उद्या बोर्ड कायमचा मेला तर ती फाईल सोन्याची.

संत्राबर्फी:
हो, आम्ही बॅकअप मागितला नव्हता. तो मागा.

एमएच३१_पेट्रोल:
धागा वर आला म्हणून विचारतो. माझी पेट्रोल आहे, एक सिलिंडर मिसिंग मारायची, पी ०३५१ (इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा कोड). ईसीएममधला कॉइलचा ड्रायव्हर (कॉइल चालू-बंद करणारी चिप) जळला म्हणून पाठवला, दुरुस्त होऊन आला, दोन आठवडे मस्त चालली आणि आता परत तेच. दुरुस्तीवाला फसवून राहिला का?

सोल्डरमास्तर:
कॉइल बदलली होती का?

एमएच३१_पेट्रोल:
नाही, ती चालू होती ना.

सोल्डरमास्तर:
चालू असते, पण आतून अर्धी शॉर्ट, म्हणून जास्त करंट ओढते आणि ड्रायव्हर जाळते. ड्रायव्हर स्वतःहून क्वचित मरतो, त्याला मारणारा बाहेर असतो. इंजेक्टर, सोलेनॉइड, पंख्याचा रिले, सगळ्यांना हेच लागू. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तुमची कॉइल नसते, त्याला बोर्ड चांगलाच दिसणार. यावेळी कॉइल, प्लग आणि ती वायर बदला, मगच बोर्ड जोडा.

मनीषनगरकर:
आला! बॉक्स वकीलीणबाईंनी सांगितलं तसा व्हिडिओ काढत उघडला. स्टिकरचे नंबर तेच. नेलपॉलिशची रेघ तुटलेली, पण ती तुटणारच होती, दोन्ही अर्ध्या रेघा जुळून राहिल्या म्हणजे झाकण आणि खोकं आपलंच. त्यानं आतले फोटो पण पाठवले, पॉवर सप्लायच्या चिपच्या पायांशी गोल तडा स्पष्ट दिसते, भिंगातून काढलेला फोटो आहे. दोन कपॅसिटर पण बदलले म्हणे. बॅकअप फाईल मेलवर आली. सांगितले तेवढेच पैसे घेतले.

लावला, चावी फिरवली, किल्लीचा दिवा लागून विझला, पहिल्या सेल्फात सुरू. जुने कोड पुसले. काल भर दुपारी बुटीबोरीपर्यंत एसी लावून गेलो आणि आलो, कुठेच बंद नाही. मग घरी येऊन हेअर ड्रायर पण मारला, तरी चालू. बायको म्हणते आता माझा ड्रायर वापस द्या.

एकच शंका, झाकणाच्या सांध्यावर त्यानं काळं सिलिकॉन लावलंय ते थोडं बाहेर आलंय. चालेल ना? पावसाळा तोंडावर आहे.

सोल्डरमास्तर:
बाहेर आलेलं चालतं, कमी पडलेलं चालत नाही. सगळीकडून सलग आहे ना ते बघा. आणि जवळ नाक नेऊन वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्यानं नळ-खिडकीचं स्वस्त सिलिकॉन वापरलंय, त्यातून वाळताना ॲसिड सुटतं आणि आत तांबं खातं. इलेक्ट्रॉनिक्सला न्यूट्रल क्युअरचं लागतं, त्याला आंबट वास नसतो.

मनीषनगरकर:
वास घेतला. आंबट नाही. सलग आहे.

एमएच३१_पेट्रोल:
त्या दिल्लीवाल्याचा नंबर टाका ना इथे.

मनीषनगरकर:
व्यनि (खासगी निरोप) करतो. पण आधी कॉइल बदल बे.